फोन चालू असताना ड्रायव्हरने हार्डवेअरची सेटिंग बदलावी का?

मे महिन्यातली दुपार. पडेगावहून मिटमिट्याकडे निघालो होतो. गाडीच्या होल्डरला फोन, मॅप चालू, चार्जिंगही चालू. थोड्याच वेळात स्क्रीन अंधुक झाली आणि चार्जिंग थांबलं. मला वाटलं, केबल गेली. केबल ठणठणीत होती. फोन तापला होता, म्हणून त्याने स्वतःच चार्जिंग बंद केलं होतं.

हे होतं कसं? चिपमध्ये 'रजिस्टर' नावाचे छोटे कप्पे असतात. चार्जिंग चिपच्या एका कप्प्यात करंट किती घ्यायचा, दुसऱ्यात बॅटरी किती व्होल्टपर्यंत भरायची, असे आकडे असतात. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्स कर्नलमधला ड्रायव्हर हे आकडे फोन चालू असतानाच बदलतो. आपल्याकडच्या उन्हात ते बदललेच पाहिजेत, नाहीतर बॅटरीची वाट लागेल.

मग वाद कसला? बदल किती टिकतो, याचा.

रजिस्टरमधला आकडा सहसा वीज गेली की पुसला जातो. कायमच्या मेमरीत लिहिलेलं मात्र तसंच राहतं. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली यूएसबी चिपमधला ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. कॉम्प्युटर ती चिप ओळखेना. नकली माल बनवणारा राहिला बाजूला, भोगलं ते विकत घेणाऱ्याने. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला.

डिसेंबर २०१७ मध्ये हेतू वाईट नव्हता, तरी फटका बसलाच. उबंटू १७.१० मधल्या एका इंटेल ड्रायव्हरमुळे काही लेनोवो लॅपटॉपमध्ये बायोसची सेटिंग सेव्ह होईना. बिघाड मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, त्यामुळे फॉरमॅट मारूनही उपयोग नाही. डाउनलोड थांबवावं लागलं. तो ड्रायव्हर बंद करून जानेवारी २०१८ मध्ये नवी आवृत्ती आली.

तिसरा प्रकार जास्त अवघड. जुलै २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल ६ए साठी सक्तीचा अपडेट आणला. काही फोनमध्ये ४०० चार्ज सायकलनंतर बॅटरीची क्षमता आणि चार्जिंगचा वेग कमी केला गेला. कारण होतं बॅटरी जास्त तापण्याचा धोका. पात्र ग्राहकांना मोफत बॅटरी बदलून देण्यासारखे पर्यायही दिले. अशा बदलात चिपला कायमचं काही होत नाही, पण फोन सुरू झाला की सॉफ्टवेअर तीच मर्यादा पुन्हा लावतं. वापरणाऱ्यासाठी ते कायमचंच झालं.

माझं मत सरळ आहे. उष्णता, करंट, व्होल्टेज यांचे तात्पुरते बदल ड्रायव्हरने न विचारता करावेत. कायमच्या मेमरीला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावू नये. आणि सुरक्षिततेसाठी क्षमता कमी करावीच लागली, तर स्क्रीनवर स्पष्ट सांगावं. दिवसभर डिलिव्हरी करणाऱ्या पोरासाठी दुपारीच संपणारी बॅटरी म्हणजे बुडालेली ऑर्डर असते.

म्हणून अपडेटनंतर बॅटरी अचानक लवकर उतरू लागली, तर लगेच नवी टाकू नका. आधी त्या अपडेटमध्ये काय बदललंय ते वाचा.