दुसरे उत्तर का सोडायचे?

शालेय बीजगणितात बहुपदीची मुळे, म्हणजे चलाच्या ज्या किमतींना बहुपदी शून्य होते त्या किमती, शोधायला शिकवतात. अवयव पाडायचे, प्रत्येक अवयव शून्याबरोबर मांडायचा, आणि उदाहरण शाब्दिक असेल तर ऋण मूळ सोडून द्यायचे. या शेवटच्या पायरीविषयी आम्हां मराठीच्या अध्यापकांना बोलायचे आहे, कारण ती मुळात वाचनाची पायरी आहे.

भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील 'बीजगणित' या ग्रंथात माकडांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला तर जितकी संख्या येते तितकी माकडे वनात खेळतात आणि १२ टेकडीवर आहेत. उत्तरे दोन, ४८ आणि १६. आचार्य दोन्ही स्वीकारतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग करायचा, तितकी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते. मांडणी केली की क्ष² − ५५क्ष + २५० ही बहुपदी येते. मुळे ५० आणि ५. दोन्ही धन! ऋण उत्तर सोडण्याचा पाठ केलेला नियम इथे निरुपयोगी ठरतो. पाच घेऊन पडताळा केला तर हिशेबही चोख जुळतो : चार गुहेत, एक फांदीवर. तरीही आचार्य पाच नाकारतात. पाचाचा पाचवा भाग एक. त्यातून तीन माकडे वजा कशी करणार? व्यक्त राशी ऋण झालेली लोकांच्या प्रतीतीस येत नाही, असे ते कारण देतात.

'प्रतीती' हा शब्द आम्ही काव्यशास्त्राच्या तासाला किती वेळा उच्चारतो! समीकरणाला पाचही चालतात. कथनाला चालत नाहीत, आणि हे कळण्यासाठी उदाहरण पुन्हा वाचावे लागते. (कुणी म्हणेल, वजाबाकीऐवजी फरक धरला तर पाचही खरे. म्हणेना; तोही पाठाचा अर्थ लावण्याचाच वाद झाला.)

आज मात्र 'वय ऋण असू शकत नाही' हे वाक्य विद्यार्थी उत्तरपत्रिकेत यांत्रिकपणे लिहितात आणि त्यातील अनेक पुढे गणित सुटले म्हणून कलाशाखेत येतात. वाचून निर्णय घेण्याची ही सवय गणिताच्या तासाला लागली असती, तर आमच्याकडे येईपर्यंत ते कवितेच्या अर्थासाठीही मार्गदर्शकांतील ठरीव वाक्ये शोधत बसले नसते. तूर्तास गुहेतली माकडे प्रथम वर्षाच्या मराठीच्या तासाला आणायला आमची हरकत नाही.