सेनापतिपद : वेतन आणि वतन

मराठवाड्यातील कोणत्याही महाविद्यालयाचा हजेरीपट पाहिला, तर पाटील, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही नावे पानोपानी आढळतात. आज ती आडनावे असली तरी मूळची ती पदे होत. गावचा वसूल करणे, दप्तर राखणे, परगण्याचा बंदोबस्त पाहणे, अशी निश्चित कामे त्या पदांकडे होती. कामाचा मोबदला म्हणून इनाम जमिनी व हक्क मिळाले, हक्क वंशपरंपरेने चालू लागले आणि कालांतराने काम लोपले तरी नाव व हक्क मागे उरले. गावकीच्या पदांचा हा इतिहास सर्वपरिचित आहे. राज्याच्या सर्वोच्च लष्करी पदाचीही आपल्याकडे हीच गत झाली, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. सेनापतिपदाचा इतिहास आपण पराक्रमाच्या कथांतून वाचतो. तो जमाखर्चाच्या दृष्टीने वाचला असता निराळाच बोध होतो.

शिवकालात या पदास सरनोबत म्हणत. घोडदळाचा सरनोबत वेगळा, पायदळाचा वेगळा. १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी अष्टप्रधानांत त्यास सेनापती हे संस्कृत नाव मिळाले. पागेची रचना सभासदाच्या बखरीत नोंदलेली आहे. पंचवीस स्वारांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. जुमलेदारास सालिना ५००, हजाऱ्यास १,००० आणि पंचहजाऱ्यास २,००० होन वेतन ठरलेले होते. ते खजिन्यातून रोख अथवा वरातेने मिळे. लष्करी अधिकाऱ्यांना गावे तोडून देण्याची जुनी चाल शिवाजी महाराजांनी कटाक्षाने टाळली.

या व्यवस्थेचा परिणाम लगेच दिसतो. ज्याचे वेतन खजिन्यातून येते, त्यास पदावरून दूरही करता येते. १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या स्वारीत वेळेवर पोहोचले नाहीत, म्हणून नेतोजी पालकरांसारख्या नामांकित सरनोबतास दूर करण्यात आले आणि कडतोजी गुजर यांस प्रतापराव हा किताब देऊन त्या जागी नेमण्यात आले. १६७४ मध्ये नेसरी येथे प्रतापराव धारातीर्थी पडले, तेव्हा पद गुजरांच्या घरात राहिले नाही. ते हंसाजी ऊर्फ हंबीरराव मोहिते यांच्याकडे गेले. पराक्रमाचा गौरव झाला, पण पदाचा वारसा निर्माण झाला नाही.

१६८९ नंतर ही घडी विसकटली. संभाजी महाराजांचा वध झाला, राजधानी पडली, राजाराम महाराजांना जिंजी गाठावी लागली. खजिना रिता होता आणि दुसरीकडे मोगल बादशहा मराठा सरदारांना मनसबी व जहागिरी देऊ करीत होता. अशा वेळी जो सरदार जो मुलूख जिंकील, तो त्यास सरंजाम म्हणून देण्याखेरीज गत्यंतर नव्हते. या धोरणास केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या ज्या मोहिमांनी औरंगजेबास जेरीस आणले, त्यांचा खर्च याच मार्गाने निघाला. संकटकाळी स्वीकारलेला उपाय संकट टळल्यावरही चालू राहिला आणि त्याचा हक्क बनला, हे खरे दुखणे होय.

पुढचा क्रम त्या मानाने झपाट्याचा आहे. धनाजींच्या पश्चात सेनापतिपद त्यांचे पुत्र चंद्रसेन यांस मिळाले. शाहू महाराजांशी बिनसताच ते त्यांचा पक्ष सोडून गेले आणि पुढे निजामाच्या पदरी भालकी परगण्याची जहागीर घेऊन राहिले. हे भालकी आपल्या उदगीरपासून फारसे दूर नाही. १७१७ मध्ये खंडेराव दाभाडे सेनापती झाले. खंडेरावांची योग्यता निर्विवाद होती. तथापि त्यांच्यानंतर पद पुत्र त्र्यंबकरावांकडे गेले. गुजरातच्या उत्पन्नावरून पेशव्यांशी कलह विकोपास गेला आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळच्या रणात मराठ्यांचा सेनापती मराठ्यांच्याच पेशव्याशी लढताना पडला. शाहू महाराजांनी घराण्याचे समाधान करण्यासाठी पद पुन्हा त्याच घरात, यशवंतराव दाभाड्यांस दिले. प्रत्यक्ष सत्ता मात्र दाभाड्यांच्या हाताखालच्या गायकवाडांकडे सरकत गेली. पद तळेगावी, फौज बडोद्यास, अशी ही विभागणी झाली. सेनासाहेबसुभा, सेनाखासखेल, सरलष्कर असे किताब वाढत गेले आणि एका सेनेचा एक सेनापती ही कल्पनाच मागे पडली.

याची साक्ष आपल्याच भूमीत मिळते. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला आणि सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळवला. ही फौज चालवीत होते सदाशिवरावभाऊ. ते सेनापती नव्हते, तर पेशव्यांचे चुलतबंधू होते. पुढील वर्षी पानिपतावरही सर्वाधिकार त्यांच्याकडेच होता. सेनापतिपदाची वस्त्रे ज्या घरी होती, त्या घराचा या दोन्ही निर्णायक प्रसंगी सेनानायकत्वाशी संबंध उरला नव्हता. ज्या पेशवेपदाने सेनापतिपदाला निष्प्रभ केले, ते पेशवेपदही तोवर वंशपरंपरागत झालेले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. एका वतनाची जागा दुसऱ्या वतनाने घेतली, इतकेच.

युरोपचा इतिहास याहून सर्वस्वी निराळा होता, असे समजण्याचे कारण नाही. मार्शल या शब्दाचा मूळ अर्थ घोड्यांची निगा राखणारा नोकर, आणि कॉन्स्टेबल म्हणजे तबेल्याचा अधिकारी. आज पोलीस चौकीत भेटणारा हा शब्द एके काळी फ्रान्सच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्याचा होता. तेथील बड्या सरदारांकडे गेलेले हे पद राजसत्तेस डोईजड होऊ लागले, तेव्हा रिशल्यूच्या कारकीर्दीत, १६२७ मध्ये, ते कायमचे रद्द करण्यात आले. मार्शलपद राहिले. क्रांतीने तेही १७९३ मध्ये मोडले, पण १८०४ मध्ये नेपोलियनने ते पुन्हा निर्माण केले आणि पहिल्या अठरा मार्शलांत खानावळवाल्याचा मुलगा म्यूरा व पिंपे बनविणाऱ्याचा मुलगा ने यांना बसविले. आज फ्रान्समध्ये मार्शल ही लष्करी श्रेणी नसून राष्ट्राने दिलेला सन्मान आहे. तो पुत्राकडे जात नाही. ज्या पदाने राज्याची अडवणूक केली ते मोडावे, जे ठेवावयाचे ते वंशापासून तोडावे, हा तेथील अनुभवाचा निष्कर्ष होय.

स्वतंत्र भारताने हाच मार्ग पत्करला. जानेवारी १९७३ मध्ये माणेकशा आणि १९८६ मध्ये करिअप्पा हे फील्ड मार्शल झाले. आजवर भूसेनेत हे दोघेच. फील्ड मार्शल निवृत्त होत नाही, म्हणून त्यास पूर्ण वेतनाचा हक्क असतो. तरीही माणेकशांना त्या वेतनाची थकबाकी, एक कोटी रुपयांहून अधिक, २००७ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या केवळ एक वर्ष आधी मिळाली. हा विलंब शासनास भूषणावह नव्हता. परंतु त्यातही एक गोष्ट ध्यानात येते. बांगलादेश मुक्तीच्या विजयी सेनानीचा प्रश्न वेतनाच्या थकबाकीचा होता, परगण्याचा नव्हता.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर वेतन हा दिसणारा खर्च आहे. तो दरसाल अंदाजपत्रकात येतो, त्यावर वाद होतो, तो कमीजास्त करता येतो. सरंजाम हा न दिसणारा खर्च होय. खजिन्यात येण्यापूर्वीच उत्पन्न वळविले जाते, म्हणून त्याचा हिशेब कोणी विचारीत नाही. पहिल्या पिढीत तो सेवेचा मोबदला असतो, दुसऱ्या पिढीत सवलत ठरतो आणि तिसऱ्या पिढीत जन्मसिद्ध हक्क म्हणून सांगितला जातो.

सरंजाम गेले, वतने कायद्याने रद्द झाली. पण सहकारी कारखान्याचे अध्यक्षपद, शिक्षणसंस्थेचे सचिवपद, पक्षाची उमेदवारी यांची वाटचाल नांदेड-लातूर जिल्ह्यांतच नव्हे, तर साऱ्या महाराष्ट्रात कोणत्या दिशेने चालली आहे, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही. संस्थापकाने खस्ता खाल्लेल्या असतात, त्याचे ऋण समाजाने मानलेच पाहिजे. खंडेरावांचे ऋणही शाहू महाराजांनी असेच मानले होते. ऋण फेडण्यासाठी संस्था सोपवून द्यावयाची काय, हा प्रश्न आहे. संस्थेच्या वर्गात शिकविणारा शिक्षक, कचेरीत बसणारा लिपिक आणि पहाटे मैदानावर धावून सैन्यभरतीची तयारी करणारा विद्यार्थी यांना आपली जागा परीक्षा देऊन मिळवावी लागते आणि ठरलेल्या वयास सोडावी लागते. जो नियम शिपायास आहे, तो संस्थेच्या सेनापतीसही असावा. पदास मुदत असावी, त्याचे मानधन उघड असावे आणि दरसाल सभासदांसमोर हिशेब द्यावा. हे तीन नियम संस्थांच्या घटनांत बहुधा लिहिलेलेही असतात. वार्षिक सभेत उठून ते वाचून दाखविण्याचे काम सभासदांनीच करावयाचे आहे.