नगरपालिकेची पायरी

भाऊबीज आटोपली की आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईच्या जत्रा भरू लागतात. दंडारीचे लोकनाट्य होते, रात्र रात्र नाटके रंगतात. 2025 साली त्या गर्दीत हात जोडत फिरणारे उमेदवारही दिसणार होते, कारण रखडलेल्या स्थानिक निवडणुका 31 जानेवारी 2026 पर्यंत उरकण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता. गोंदिया नगरपरिषदेत 2022 पासून प्रशासक होता.

नगरपालिकेच्या पायरीवरून कुठवर जाता येते, ते आपल्या शहराने पाहिले आहे. प्रफुल्ल पटेल 1985 साली गोंदियाचे नगराध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. 1991 मध्ये ते भंडाऱ्यातून लोकसभेवर गेले. वडील मनोहरभाईंचे नाव, बिडीचा मोठा व्यवसाय, गोंदिया शिक्षण संस्थेचा पसारा, हे सारे पाठीशी होतेच. तरीही सुरुवात नगरपालिकेपासून झाली, हे आम्हाला मोलाचे वाटते. पुढे 2004 मध्ये शिशुपाल पटले यांनी त्यांना हरवले. तरी राज्यसभेच्या बळावर ते केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री झाले. 2009 मध्ये याच मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले आणि 2014 मध्ये घरी बसवले.

त्या वेळी जिंकलेले नाना पटोले हेही भंडारा जिल्हा परिषदेतून वर आलेले. 1999 मध्ये लाखांदूरचे आमदार, 2017 च्या डिसेंबरात खासदारकीचा राजीनामा, 2019 मध्ये विधानसभेचे अध्यक्षपद. दोघांच्या राजकारणाशी वाचकांचे मतभेद असतील, आमचेही आहेत. पण स्थानिक सभागृहात घडलेला माणूस मतदाराला ओळखतो.

नाली तुंबली की लोक सकाळी सातलाच नगरसेवकाची कडी वाजवतात. नळाला पाणी नाही, घंटागाडी आली नाही, दाखला अडला. उत्तर त्यालाच द्यावे लागते, तेही शेजाऱ्यांदेखत. प्रशासक कितीही कर्तबगार असो, त्याला पुन्हा मते मागायला यायचे नसते. प्रशासकाच्या त्या वर्षांत किती होतकरू तरुण-तरुणी या शिक्षणाला मुकले असतील, याची आम्हाला खरीखुरी खंत आहे.

म्हणून वाचकहो, मंडईत उमेदवार भेटला की नमस्कारावर सोडू नका. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक वाचले आहे का, ते विचारा. आणि तुमच्या घरातल्या एखाद्या मुलीला सभागृहात बोलायची हिंमत असेल, तर तिला अडवू नका, तिचा अर्ज भरा.