सोय कुणाची?

यंदाच्या मार्च महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून माणसे विहाराच्या पायऱ्या उतरत होती, तेवढ्यात वस्तीतल्या एका ताईंनी आम्हाला बाजूला घेतले. सोबत त्यांची सून होती. आठवा महिना चाललेला, पहिलीच वेळ. ताई म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टरांनी २ मे तारीख दिली आहे. पण आम्ही ठरवलं, १४ एप्रिललाच सिझेरियन करून घ्यायचं. बाबासाहेबांच्या जयंतीला नातू होईल. पोराला त्या दिवशी सुट्टी आहे, लेक सुरतेहून येणारच आहे. सगळ्यांची सोय होते. डॉक्टरही हो म्हणाले. तुम्ही फक्त पैशाचं कुठं जमतं का ते बघा."

आम्ही क्षणभर काही बोललो नाही. त्यांची हौस खोटी नव्हती. पण आपण पंचांग सोडले, मुहूर्त सोडला, पाचवी पुजणे सोडले, आणि आता निळ्या झेंड्याखाली नवा मुहूर्त काढून त्यासाठी सुनेचे पोट फाडायला निघालो, असे मनात आल्याशिवाय राहिले नाही. सून खाली मान घालून पदराचे टोक पिळत उभी होती. तिला कुणी काही विचारले असेल, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हते.

तेव्हापासून हा 'सोय' शब्द आमच्या डोक्यातून जात नाही. आज त्यावरच लिहितो.

वाचक भगिनींनो, सोय ही वाईट गोष्ट नाही, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या आयांनी चुलीचा धूर गिळत बाळंतपणे काढली. नवव्या महिन्यातही डोक्यावर हंडा आणि कडेवर मोठे पोर असायचे. दारात नळ आला, घरात गॅस आला, कुकर-मिक्सर आले, ही बाईच्या हाडांना मिळालेली विश्रांती आहे. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" असे सुनेला ऐकवणाऱ्या सासूबाईंनी आपल्या गुडघ्यांना विचारून पाहावे. दवाखान्यातले बाळंतपणही तसेच. घरी अंधाऱ्या खोलीत वार अडकून, रक्त जाऊन बाया मरत, ते आपल्या आजीच्या पिढीने पाहिले आहे. आजही सातपुड्याच्या कुशीत, अक्कलकुवा-धडगावच्या काही पाड्यांवरून कळा सुरू झालेल्या बाईला बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. तिच्यासाठी दवाखाना ही चैन नाही, तिच्या जिवाचा प्रश्न आहे.

म्हणून सोय हवी की नको, असा प्रश्न नाहीच. ती कुणाची होते आणि तिचे ओझे कुणाच्या अंगावर पडते, हे आपण विचारले पाहिजे.

सिझेरियनचेच घ्या. मूल आडवे असेल, वार खाली आली असेल, बाळाचे ठोके मंदावत असतील, आईला झटके येत असतील, तर ही शस्त्रक्रिया दोन जीव वाचवते. तिथे वाद घालणारा माणूस शहाणा नव्हे. पण २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. महाराष्ट्रात शंभरातली सुमारे २५ बाळंतपणे सिझेरियनने झाली. देशभराचा हिशोब मांडला तर सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. काही अवघड बाळंतपणे खासगीत जातात हे खरे, पण सरकारीतही ती जातातच. सरकारी दवाखान्याच्या दारात पोहोचलेल्या बाईचे शरीर वेगळे आणि खासगीच्या दारातले वेगळे, असे तर नाही. एवढ्या मोठ्या फरकात कुठेतरी सोय दडली आहे. कळांना वेळ लागतो, रात्र जागावी लागते, आणि ऑपरेशन मात्र दुपारच्या जेवणाआधी उरकते. त्यात दवाखान्याची सोय होते, आणि सुट्टीची जुळवाजुळव करणाऱ्या नातेवाइकांचीही.

ओझे मात्र तिच्या अंगावर. टाक्यांचे दुखणे तिचे, पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणावर चिकटण्याची भीती तिची. बाळालाही किंमत मोजावी लागते. फुप्फुसांची तयारी पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत पुरी होते. कारण नसताना एकोणचाळीस आठवड्यांच्या आत काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो. आणि पैसा? ताई आमच्याकडे आल्या होत्या त्या कर्जासाठीच.

दुसऱ्याचे सांगितले, आता आमचेही सांगतो, नाहीतर उपदेश करणे सोपे होईल. आमचा थोरला झाला तेव्हा आम्ही कच्च्या नोकरीत होतो. पत्नी एका दाल मिलमध्ये रोजंदारीवर डाळ निवडायला जायची. सव्वा महिना झाला आणि मुकादमाचा निरोप आला की येत असाल तर या, नाहीतर दुसरी बाई ठेवतो. आम्ही दोघांनी हिशोब केला आणि दुधाचा डबा व बाटली आणली. आजी घरी बाळाला पाजेल, पत्नी कामावर जाईल, आम्ही ऑफिसला जाऊ, रात्रीही बाटली असल्याने कुणाला उठावे लागणार नाही. केवढी सोय वाटली! डबा महाग म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त होऊ लागले. बाटली एकदा उकळायची आणि तीनदा भरायची. मे महिन्यातले जळगाव तुम्हाला ठाऊकच आहे. पोराला हगवण लागली, डोळे खोल गेले, पाच दिवस सलाईनवर ठेवावे लागले. पोर वाचले. त्या दिवसांत पत्नीने सांगितले की मिलमध्ये छाती दाटून यायची, तेव्हा ती पोत्यांच्या आडोशाला जाऊन दूध पिळून मातीत टाकायची. आम्ही बीकॉम झालेलो, जमाखर्च मांडणारे, पण हे दूध आमच्या कुठल्याच रकान्यात आले नव्हते.

पहिल्या तासात आईचा चीक आणि पुढे सहा महिने फक्त आईचे दूध, हे आता प्रत्येक अंगणवाडीत सांगतात. डब्याचे दूध आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. पण जिला कामावर जायचेच आहे तिला नुसते सांगून काय उपयोग? स्वच्छ वाटीत काढून झाकून ठेवलेले दूध काही तास टिकते, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी, ते वाटी-चमच्याने पाजता येते. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितले नाही आणि आम्हीही कुणाला विचारले नाही.

आता मागे वळून पाहू. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक चर्चेला आले. कारखानदारांच्या बाजूने गैरसोय आणि खर्च यांचा मुद्दा होताच. बाबासाहेबांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांचे म्हणणे असे होते की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा, पण तोवर मालकानेही आपला वाटा द्यावा. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. देशातला तसा तो पहिलाच. पुढे १९६१ चा कायदा आला, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. पण आमच्या एमआयडीसीतल्या चटई कारखान्यात ठेकेदाराच्या वहीवर काम करणाऱ्या बाईला किती आठवडे मिळतात? हजेरीपट, पगाराची पावती, ईएसआयचे कार्ड, ही कागदे जपून ठेवा. कागद नसला की हक्कही हातातून जातो.

मालकाच्या सोयीला बाईचे शरीर किती स्वस्त वाटते, याचा दाखला बीड जिल्ह्याने दिला. २०१९ साली सरकारी समितीने तिथल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा झाला की दंड, म्हणून पिशवीच काढून टाकायची! ऊसतोडीला आपल्या खानदेशातूनही कुटुंबे जातात. हे लांबचे समजू नका.

आणि बंधूंनो, मुकादमाला नावे ठेवताना आपणही आरशात पाहू. त्याच राष्ट्रीय पाहणीत देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, पुरुषांची ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया पोट न उघडता, टाका न घालता थोड्या वेळात होते आणि तो त्याच दिवशी घरी जातो. तरीही टेबलावर जाते तीच, बाळंतपणाचे अंग अजून ओले असताना. का? तर तीच घरी असते, सोयीचे पडते! १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. स्त्रीला नको असताना मूल लादले जाऊ नये, हा त्यामागचा विचार होता. तो विचार आपण अर्धाच उचलला आणि नियमनाचे ओझेही तिच्यावरच टाकले.

तेव्हा सोय समोर आली की घरातल्या सर्वांनी तीन प्रश्न विचारावेत. डॉक्टरांना: हे आत्ताच का, आणि थांबलो तर काय होईल? घराला: आमचे कष्ट वाचतात, मग तिचे वाढतात का? आणि तिला: बाई, तुला काय वाटते? शंका असेल तर सरकारी दवाखान्यात दुसरे मत घ्या. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, लागले तर सिझेरियनही, औषधे, रक्त, जेवण आणि घरी परत येण्याचे वाहन मोफत आहे. तिथे गर्दी असते, कधी बोलणी खावी लागतात, हेही आम्ही जाणतो. म्हणून बाईसोबत भांडू शकेल असे एक माणूस जरूर पाठवा.

त्या रविवारी आम्ही सुनेलाच विचारले, "पोरी, तुझं काय म्हणणं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला भीती वाटते. आईला सोळा तास कळा आल्या होत्या म्हणतात. पण कारण नसताना कापायचीही भीती वाटते." ताईंनी सुनेकडे नवल करून पाहिले. दुसऱ्या दिवशी त्या तिला घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी तपासून सांगितले, सगळे ठीक आहे, वाट बघा. वाट बघून पुढे शस्त्रक्रिया लागली असती, तर सही करायला आम्हीच पुढे झालो असतो.

१४ एप्रिलची मिरवणूक झाली. लेक सुरतेला परत गेली. २७ एप्रिलला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. रिक्षा मिळेना, पोराचा एक दिवसाचा पगार बुडाला, ताईंची झोप गेली. सगळ्यांचीच गैरसोय झाली. सकाळी नऊच्या सुमारास मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवशी सून आपल्या पायांनी विहाराच्या बाजूच्या गल्लीतून घरी आली.

जय भीम.