विश्लेषण : वहीचा कागद पातळ हवा, पण शाईही फुटायला नको... मग निवडताना नेमके काय पाहायचे?

शाळा सुरू होण्याच्या सुमारास नाशिकच्या मेन रोड आणि एम. जी. रोडवरील दुकानांतून वह्या डझनाच्या भावाने घरी जातात. घेताना पालक दोनच गोष्टी पाहतात, पाने किती आणि कागद जाड आहे का. मुलाला शाईचे पेन वापरायचे असेल, तर जाडच कागद हवा असे मानले जाते. परिणामी दप्तर जड होते आणि शाई अनेकदा फुटायची ती फुटतेच. कारण शाई फुटण्याचा संबंध कागदाच्या जाडीपेक्षा त्याच्या खळीशी अधिक आहे.

जीएसएम काय सांगतो?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. ए-फोर आकाराची १६ पाने मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे ८० जीएसएमचे एक पान सुमारे ५ ग्रॅमचे, तर ५२ जीएसएमचे सव्वातीन ग्रॅमचे. या आकाराच्या २०० पानी वहीत १०० कागद असतात. ८० जीएसएममध्ये तिचे वजन अर्धा किलो होते, ५२ जीएसएममध्ये सुमारे ३२५ ग्रॅम. सहा वह्यांमागे एक किलोहून अधिक फरक पडतो.

केंद्राच्या २०२०च्या स्कूल बॅग धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंतच असावे. ३० किलोच्या मुलासाठी ही मर्यादा तीन किलो. ८० जीएसएमच्या अशा सहा वह्यांतच ती संपते. पुस्तके, डबा, पाण्याची बाटली अजून बाकीच!

मग शाई का फुटते?

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची जाळी. तंतूंमधील सूक्ष्म फटी दिव्याच्या वातीसारख्या द्रव ओढून घेतात. फाउंटन पेनची शाई पाण्यासारखी पातळ असल्याने ती अक्षराबाहेर पसरते. बॉलपेनची शाई घट्ट आणि तेलकट असते. त्यामुळे बॉलपेनसाठी उत्तम ठरलेली वही शाईच्या पेनाला चालेलच असे नाही.

यावर उपाय म्हणजे खळ. पूर्वी जुन्नर आणि दौलताबादच्या हातकागदाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटत असत. तोच घोटीव कागद. आजच्या गिरण्यांत लगद्यात पाणी रोखणारी रसायने मिसळतात आणि पृष्ठभागावर स्टार्चचा थर देतात. खळ अजिबात नसलेला कागद कसा वागतो, हे पाहायचे असेल तर टिपकागद आठवावा. तो चांगला जाड असतो, तरी शाई क्षणात पितो. जाडी शाई अडवत नाही, याचा याहून सोपा पुरावा नाही.

नाशिकरोडला हे नवे नाही

१९२५ मध्ये नाशिकरोडला सुरू झालेल्या भारत प्रतिभूती मुद्रणालयाचे नाव तिकिटांशी आणि मुद्रांकांशी जोडले जाते. पण घराघरात पोहोचलेले निळसर आंतरदेशीय पत्रही तिथल्याच छपाईतले. एका पातळ कागदाची घडी घातली की तेच पत्र आणि तेच पाकीट. आत मजकूर, त्याच कागदाच्या बाहेरच्या बाजूला पत्ता. शाई आरपार गेली असती, तर पोस्टमनला पत्ताच वाचता आला नसता. शाईच्या पेनांच्या काळात देशभरातील ख्यालीखुशाली अशाच हलक्या कागदावरून फिरली.

जपानचा ‘तोमोए रिव्हर’ हे याचे आजचे टोक. अवघ्या ५२ जीएसएमच्या या कागदावर शाई सहसा फुटत नाही. मूळ उत्पादक तोमोएगावा कंपनीकडून २०२१ मध्ये तो सान्झेन या कंपनीकडे गेला. त्यालाही दोन मर्यादा आहेत. शाई मुरत नसल्याने वाळायला वेळ लागतो आणि मागच्या पानावरची अक्षरे पुसट दिसतात. आयात कागद शाळेच्या वहीसाठी परवडणाराही नाही. पण पातळ कागद शाई पेलू शकतो, एवढे त्यातून सिद्ध होते.

खरेदीपूर्वी काय तपासाल?

• डझन घेण्याआधी एकच वही घ्या. मूल ज्या पेनाने आणि शाईने लिहिते, त्यानेच पाच ओळी लिहा.
• अक्षराच्या कडा पाहा. केसासारखे फाटे फुटले असतील, तर खळ कमी आहे.
• पान उलटा. मागे शाईचे ठिपके उतरले असतील, तर ती वही नको. अक्षरांची नुसती सावली दिसत असेल, तर तो पातळपणाचा परिणाम आहे. पाठपोट लिहिताना ती खटकते का, एवढेच पाहा.
• दोन्ही बाजूंना लिहून पाहा. काही कागदांच्या दोन बाजू सारख्या नसतात.
• ओळीवरून लगेच बोट फिरवा. फार पसरत असेल, तर वहीत टिपकागद ठेवावा लागेल.
• पावसाळ्यात सादळलेल्या कागदावर शाई जास्त फुटते. वह्या कोरड्या जागी ठेवा.

कागद बदलणे शक्य नसेल, तर बारीक निब घ्या. ती कमी शाई सोडते आणि त्याच वहीत बराच फरक दिसतो.

जबाबदारी पालकांचीच का?

वहीच्या कव्हरवर पानांची संख्या आणि आकार असतो, काही ठिकाणी जीएसएमही. कागद शाईच्या पेनाला चालेल का, हे मात्र सहसा नसते. ते मोजता येत नाही असेही नाही. ठरावीक वेळात कागद किती पाणी शोषतो, हे मोजणारी ‘कॉब चाचणी’ कागद उद्योगात रुळलेली आहे. तिच्या आधारे ‘शाईच्या पेनासाठी योग्य’ एवढे तीन शब्द कव्हरवर छापणे उत्पादकांना अवघड नाही.

शाळांनीही विचार करायला हवा. सुवाच्य अक्षरासाठी शाईच्या पेनाचा आग्रह धरायचा आणि वह्यांच्या यादीत फक्त पानांची संख्या लिहायची, हे विसंगत आहे. पेन सांगताना कागदही सांगावा. नाही तर शाई फुटली म्हणून गबाळेपणाचा शेरा मुलाला मिळतो आणि दोष असतो कागदाचा.