वाङ्मयाचा इतिहास आणि रात्रीची गरम पोळी

गेल्या अंकीं आम्हीं चातुर्मासांतील नेमांविषयीं लिहिलें, तेव्हां पुढील लेख व्याकरणाच्या अध्यापनावर लिहिण्याचा आमचा बेत होता. परंतु मध्यंतरीं घरांत अशी एक गोष्ट घडली कीं, तिनें आमचा पुष्कळ वर्षांचा एक ग्रह पालटून टाकला. ती वाचकांस सांगावी असें आम्हांस वाटूं लागलें. गोष्ट घरगुती आहे, व तींत चूक आमचीच अधिक आहे. तथापि हें मासिक ज्या घरांतून जातें, त्यांतील कित्येक घरांत तीच चूक कोणाच्या लक्षांत न येतां चालली असेल, अशी आम्हांस रास्त शंका आहे.

आमची धाकटी सून लग्नापूर्वीं इंग्रजी वाङ्मय घेऊन बी. ए. झाली. दोन वर्षांपूर्वीं तिनें त्याच विषयाच्या एम. ए. च्या परीक्षेस बाहेरून बसण्याची इच्छा प्रकट केली, व आम्हीं ती मोठ्या आनंदानें मान्य केली. 'आमच्या घरांत सुनांच्या शिक्षणास कोणाची ना नाहीं,' हें वाक्य आम्हीं त्यानंतर किती पाहुण्यांसमोर उच्चारलें असेल, त्याची गणती नाहीं. परवानगी देण्यास खर्च कांहीं पडत नाहीं. पुण्य मात्र रोकडें पदरांत येतें.

एके रात्रीं दहाच्या सुमारास ती माजघरांत बसून पाठांतर करीत होती. हातांत बाजारी गाईड होतें. सतराव्या शतकांतील ज्या कवींस 'मेटॅफिजिकल' म्हणतात, त्यांचीं सात वैशिष्ट्यें ती ओळीनें घोकीत होती. आमच्यांतला मास्तर जागा झाला. आम्हीं विचारलें, "या कवींत अग्रणी कोण?"

"जॉन डन, मामंजी. जन्म १५७२, मृत्यु १६३१."

"त्याची कोणती कविता तूं वाचलीस?"

ती खालीं पाहूं लागली. मग हळूच म्हणाली, "पूर्ण अशी एकही नाहीं."

आम्हीं तिला बरेंच सुनावलें. पदवीच्या वरची परीक्षा म्हणजे पक्वान्नांची यादी पाठ करणें नव्हे, वगैरे जें मास्तर लोक म्हणतात तें सर्व म्हटलें. ती कांहीं बोलली नाहीं. अंथरुणावर पडल्यावर मात्र आम्हांस आमच्या चौतीस वर्षांच्या नोकरीची आठवण झाली. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत संस्कृताचें अध्ययन केलें व शाळेंत तेंच शिकविलें. त्या चौतीस वर्षांत प्रत्येक वर्गास आम्हीं 'कालिदास उपमेंत श्रेष्ठ' हें टिपण उतरवून दिलें. परंतु त्याच्या एका तरी काव्याचा एक सर्ग अथपासून इतिपर्यंत किती मुलांकडून वाचून घेतला? हें उत्तर आम्हांस ठाऊक होतें, म्हणून त्या रात्रीं झोंप उशिरा लागली.

दुसऱ्या आठवड्यापासून दर रविवारीं दुपारीं एक तास सुनेनें वाचावें व आम्हीं ऐकावें, असें ठरलें. आमचें इंग्रजी तोकडें. कोश मांडीवर घेऊन बसत असूं. पण या सहा महिन्यांत 'वाङ्मयाचा इतिहास' म्हणजे काय, तें प्रथमच आम्हांस थोडेंसें उमगलें.

आरंभ जुन्या इंग्रजीपासून केला, कारण तेथें आमच्या संस्कृताचा कांहीं उपयोग होईल असा भरंवसा होता. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचें मूळ एकच असावें, असें प्रतिपादन केलें. पुढें १८२२ सालीं याकोब ग्रिम यांनीं त्या नात्यांतील वर्णांच्या फरकाचा नियम मांडला. संस्कृतांत आरंभीं 'प' असेल तेथें इंग्रजींत 'फ', 'त' असेल तेथें 'थ': पितृ व फादर, पाद व फूट, त्रि व थ्री. यावरून इंग्रजी संस्कृतापासून निघाली असें मात्र कोणीं समजूं नये. दोघी एकाच नाहींशा झालेल्या आईच्या वंशांतल्या. जुन्या इंग्रजींत 'आम्ही दोघे' यासाठीं 'विट्' व 'तुम्ही दोघे' यासाठीं 'यिट्' अशीं निराळीं सर्वनामें होतीं, हें सुनेनें वाचून दाखविलें, तेव्हां आवाम् आणि युवाम् यांचें दूरदेशीं गेलेलें भावंड भेटावें, असा आम्हांस आनंद झाला. ज्या द्विवचनापायीं आम्हीं इतक्या मुलांचे कान उपटले, तें इंग्रजांच्याही घरीं एके काळीं नांदत होतें!

त्याच काळांतील 'बेओवुल्फ' हें वीरकाव्य ३१८२ ओळींचें आहे, आणि त्याचें जुनें हस्तलिखित जगांत एकच. तें इ. स. १००० च्या सुमाराचें. १७३१ सालीं लंडनमध्यें आग लागली, तींत त्याच्या कडा होरपळल्या. आणखी थोडी आंच लागती तर इतिहासाचें पहिलें प्रकरण कोरें राहतें. शेक्सपियरचीहि तीच कथा. त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनीं, १६२३ सालीं, त्याच्या सोबत्यांनीं ३६ नाटकांचा संग्रह छापला. त्यांतील १८ नाटकें तोंपर्यंत छापलेलींच नव्हतीं, व 'मॅकबेथ' हें त्यांपैकीं एक. इतिहासाच्या पुस्तकांत जें अढळ दिसतें, तें असें केसावर लोंबकळत आलेलें असतें. गाईडांत साल असतें. हा धोका नसतो.

मग आम्ही त्या 'मेटॅफिजिकल' शब्दाकडे परत आलों. सून ज्यांचीं सात वैशिष्ट्यें पाठ करीत होती, त्या कवींनीं स्वतःस हें नांव कधींच दिलें नव्हतें. डॉ. जॉन्सन यांनीं १७७९ सालीं तें वापरलें तें दोष दाखविण्यासाठीं. सुमारें दीडशें वर्षांनंतर, १९२१ सालीं, ग्रीअरसन यांनीं त्या कवींचा संग्रह प्रसिद्ध केला व त्यावर टी. एस. एलियट यांनीं लेख लिहिला. तेव्हांपासून तीच निंदा स्तुति झाली. वर्ड्स्वर्थ व कोलरिज यांनीं १७९८ सालीं आपला प्रसिद्ध संग्रह काढला, तेव्हां 'आम्ही रोमँटिक' असें तेही म्हणत नव्हते; तें नांव मागाहून चिकटलें. तात्पर्य, कालखंडांचीं नांवें म्हणजे बारशाच्या दिवशीं ठेवलेलीं नांवें नव्हेत. तीं नातवंडांनीं पणजोबांस ठेवलेलीं नांवें होत. पदवीपर्यंत तीं पाठ करावीं. पदवीनंतर तीं कोणीं ठेवलीं व कां ठेवलीं, हें विचारावें. या दोन पायऱ्यांतील अंतर एवढेंच आहे, आणि तें थोडें नाहीं.

सुनिताची वाटहि अशीच मौजेची. इटलींत पेट्रार्क, तेथून इंग्लंडांत वायट व सरे यांनीं तो प्रकार आणला, त्या दोघांच्या मृत्यूनंतर १५५७ सालीं टॉटेल या छापखानेवाल्यानें त्यांचीं सुनितें लोकांपुढें ठेवलीं. सरेनें जो सांचा बसविला, तोच शेक्सपियरच्या १६०९ सालीं छापलेल्या १५४ सुनितांत बहुतेक दिसतो. पुढें १८९२ सालीं आपल्या केशवसुतांनीं चौदा ओळींचा तो प्रकार मराठींत आणला. म्हणजे 'इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास' वाचतां वाचतां आपल्याच अंगणांत येऊन पोंचावें, असा हा प्रवास आहे.

हा विषय परीक्षेस कधीं लागला, हेंहि आम्हांस ठाऊक नव्हतें. मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. ऑक्सफर्डमध्यें इंग्रजीची स्वतंत्र सन्मानशाखा १८९४ सालीं निघाली, आणि केंब्रिजमध्यें स्वतंत्र ट्रायपॉस १९१७ सालीं. हिंदुस्थानांतील मुलें शेक्सपियरवर उत्तरें लिहीत होतीं, त्या वेळीं ऑक्सफर्डचे विद्यार्थी प्रतिष्ठेसाठीं ग्रीक व लॅटिनच घोकीत होते. १८५५ सालीं सनदी नोकरीची पहिली चढाओढीची परीक्षा झाली. तींत इंग्रजीस १५०० गुण होते व संस्कृतास ३७५. हा आंकडा ऐकून आम्हांस क्षणभर रोष आला. गौरी विश्वनाथन् या विदुषीनें १९८९ सालीं याच गोष्टीवर एक ग्रंथ लिहिला असून, राज्यकर्त्यांनीं इंग्रजी वाङ्मयाचें शिक्षण येथें राज्य स्थिर करण्याचें साधन म्हणून कसें वापरलें, तें तींत दाखविलें आहे. आम्हीं सुनेस विचारलें, "मग आपण तें कां शिकावें?" ती म्हणाली, "मामंजी, त्यांनीं तें ज्या हेतूनें दिलें, त्याच हेतूनें आपण घेतलें पाहिजे असें थोडेंच आहे? आगरकरांनीं हॅम्लेटचें विकारविलसित केलें, तें कांहीं साहेबाच्या नोकरीसाठीं नव्हे." या उत्तरांत आम्हांस कांहीं उणें दिसलें नाहीं.

एवढें होऊनहि पहिल्या सहामाहीचे गुण आले ते बेताचेच. आम्ही रागावलों. 'इतकें बसवून घेतलें, तरी हें असें कां?' असें थोड्या चढ्या स्वरांत विचारलें. तेव्हां ती पहिल्यानेंच सरळ आमच्याकडे पाहून बोलली. "मामंजी, रविवारचा तास फार चांगला असतो. पण बाकीचे सहा दिवस? सकाळीं डबे, दुपारीं मुलांचें, संध्याकाळीं स्वयंपाक. रात्रीं शेवटची पंगत उठून ओटा आवरेपर्यंत दहा वाजतात. उरतो तो तास-दीड तास. एवढ्यांत एक कादंबरी वाचून होत नाहीं. गाईड वाचून होतें. गाईड मला आवडतें म्हणून मी घेत नाहीं. ज्याला वेळ नाहीं, त्याच्यासाठींच तें लिहिलेलें असतें."

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याच आठवड्यांत जेन ऑस्टेनचें प्रकरण चाललें होतें. तिचें पहिलें पुस्तक १८११ सालीं निघालें, त्यावर तिचें नांव नव्हतें. 'एका स्त्रीकृत' एवढेंच होतें. ती सर्वांच्या बैठकीच्या खोलींत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वर्दळींत, लहान लहान कागदांवर लिही, असें तिच्या पुतण्यानें लिहून ठेवलें आहे. ब्राँटे भगिनींनीं १८४७ सालीं आपल्या कादंबऱ्या बेल या आडनांवाच्या पुरुषी भासणाऱ्या नांवांनीं छापल्या. १९२८ सालीं व्हर्जिनिया वुल्फ हिनें केंब्रिजमध्यें मुलींच्या दोन कॉलेजांत व्याख्यानें दिलीं, आणि पुढील वर्षीं त्यांचें पुस्तक केलें. त्यांत तिनें मागितलें काय, तर कादंबरी लिहूं पाहणाऱ्या स्त्रीस वर्षाला पांचशें पौंड आणि स्वतःची एक खोली. आणि इतकें लांब तरी कां जावें? रमाबाई रानडे इंग्रजी शिकूं लागल्या, तेव्हां घरांतल्याच वडील बायकांनीं त्यांचा किती छळ मांडला, तें त्यांच्या १९१० सालच्या आठवणींत आपल्यांतील बहुतेकांनीं वाचलेलें आहे. वाचून डोळे पुसले आहेत, व मग पुस्तक मिटून गरम पोळी मागितली आहे.

हो, गरम पोळीच. सुनेनें सांगितलेला हिशेब आम्हीं रात्रीं कागदावर मांडला. घरांतील मंडळी साडेसातला जेवते. आमचा आन्हिकाचा व फिरण्याचा क्रम असा कीं, आम्ही पानावर बसतों नऊ वाजतां. आणि पोळी तव्यावरून पानांत यावी, हा आमचा तीस वर्षांचा आग्रह. त्या चार पोळ्यांसाठीं कणीक झांकून ठेवावयाची, तवा पुन्हां तापवावयाचा, ओटा पुन्हां आवरावयाचा. रमाबाईंस टाकून बोलणाऱ्या बायका निदान आपण विरोध करीत आहों हें जाणत होत्या. आम्ही मात्र शिक्षणाचे पुरस्कर्ते म्हणून मिरवीत, रोज सुनेचे दीड-दोन तास जेवीत होतों.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही साडेसातच्या पंगतीस बसूं लागलों. सौभाग्यवतींस प्रथम वाटलें, प्रकृति बिघडली असावी. मोठ्या सुनेनें कांहीं न बोलतां आमचें पान मुलांच्या पंक्तींत मांडलें. तिचीहि त्यांत सुटका होती, हें आमच्या मागाहून लक्षांत आलें. आमच्या खोलींतील मेज साडेआठ ते अकरा सुनेचें झालें. आम्ही त्या वेळीं ओसरीवर नातवंडांस गोष्टी सांगतों. व्रत मोठें नाहीं, आणि तें सोपेंहि नाहीं. पहिले पंधरा दिवस नऊ वाजले कीं आमचे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळत, व कोणी पाहिलें नाहीं ना, अशा बेतानें परत फिरत.

परीक्षा अद्याप व्हावयाची आहे. गुण किती पडतील, तें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु गेल्या गुरुवारीं सून खोलीच्या दारांत येऊन म्हणाली, "मामंजी, डनचा संग्रह सबंध वाचून झाला. गाईडांत सात वैशिष्ट्यें दिलीं आहेत, त्यांतलें तिसरें मला पटत नाहीं." चौतीस वर्षांत आमच्या एकाहि विद्यार्थ्यानें आमच्या टिपणाविषयीं असें म्हटलें नव्हतें.

ज्या घरांतील सून, कन्या किंवा भावजय अशी एखादी परीक्षा देत असेल, तेथील वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे: 'आमची ना नाहीं' हें म्हणून झालें असेल, तर आतां आपल्या स्वतःच्या जेवणाची वेळ तपासून पहावी. पोळी निवली तरी पोळीच राहते, हा अनुभव आम्हांस उतारवयांत आला. व्याकरणाच्या अध्यापनावरील लेख पुढील अंकीं.