कॅलिब्रेशनचा कागद

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच रड पुन्हा पुन्हा आहे. त्यातले एक प्रकरण असे: रस्त्याच्या कामाचे सर्वेक्षण झाले, लेव्हलांबद्दल कुणाचा आक्षेप नाही, संयुक्त मोजणीवर सह्याही झाल्या, तरी बिल परत आले. का, तर टोटल स्टेशनच्या कॅलिब्रेशन दाखल्याची मुदत मोजणीच्या चार दिवस आधी संपली होती. यंत्र कुरिअरने सर्व्हिस सेंटरला गेले, नवा दाखला आणि नवे स्टिकर घेऊन परतले. यंत्रात दोष निघाला नाही. तरी कार्यालयाचे म्हणणे, दाखला मोजणीच्या तारखेला चालू असलेलाच हवा! म्हणजे मागच्या तारखेचा खोटा कागद करून आणा, असेच ना?

वर्षाच्या दाखल्याला आमचा विरोध नाही. पण तो त्या दिवशीचे आणि त्या टेबलावरचे सांगतो. दुसऱ्या दिवशी तेच यंत्र मोटरसायकलवर मागच्याच्या मांडीवर बसून खडीच्या रस्त्याने साइटवर जाते. प्रिझम पोलचा बबल तर कुणी विचारतच नाही. दोन मीटरच्या पोलला एक अंश कल असला की वर ३५ मिलिमीटर गेले. एका कंपनीच्या यंत्रासमोर दुसरीचे प्रिझम धरले आणि कॉन्स्टंट बदलला नाही, तर प्रत्येक अंतरात तीसेक मिलिमीटरची चूक येऊ शकते, आणि फेस बदलूनही ती सापडत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात यंत्रात तापमान २० अंशच ठेवणारे महाभाग आपल्यातच आहेत. बाहेर ४५ असेल तर किलोमीटरमागे सुमारे २५ मिलिमीटर!

तेव्हा साहेबांना बोल लावून आपण सुटत नाही. लेव्हलची टू पेग टेस्ट शेवटची कधी केलीत? पन्नास-साठ मीटरवर दोन खुंट्या, यंत्र आधी बरोबर मध्ये, मग एका स्टाफजवळ. अर्धा तासही लागत नाही. तरी फील्डबुकात नोंद नसते. मग कार्यालयाशी भांडायचे कोणत्या तोंडाने?

आयएसओ १७१२३ ही मालिका साइटवरच्या तपासणीसाठीच आहे; लेव्हल, थिओडोलाइट, टोटल स्टेशन यांचे तिच्यात वेगळे भाग आहेत. निविदेत दाखल्याबरोबर अशा तपासणीची नोंदही ग्राह्य धरा, असे निवेदन आम्ही खात्याला देणार आहोत. त्याला जोडायला तुमच्या फील्डबुकातली पाने हवीत: तारीख, यंत्राचा क्रमांक, टू पेगची आणि फेस लेफ्ट-फेस राइटची रीडिंग. चूक निघाली असेल ती पाने आधी पाठवा. नुसता स्वच्छ पानांचा गठ्ठा नेला, तर त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.